फुरसतीनं या

"माणसाचा जन्म ही या सृष्टीतली सगळ्यात मोठी घटना आहे, आणि ती घडते तेव्हा डॉक्टर बहुतेक वेळा जेवायला गेलेले असतात."

हे वाक्य सिद्धोधन खिल्लारेनं पुण्याहून येताना गाडीत तयार केलं होतं, आणि ते त्याला इतकं आवडलं होतं की घरचं पूर्णा स्टेशन येईपर्यंत तो ते मनातल्या मनात घोळवत राहिला. पण परभणीच्या त्या हॉटेलच्या हॉलमध्ये तो माइकपुढं उभा राहिला, तेव्हा शहरातले आणि तालुक्यांतले झाडून सगळे प्रसूतितज्ज्ञ समोर बसलेले होते, जेवणाची वेळ टळत चालली होती आणि शेजारच्या खोलीतून भरल्या वांग्यांचा वास येत होता. वाक्याचा पहिला भाग त्यानं खणखणीत म्हटला. दुसऱ्या भागाशी आला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या डॉ. अनंतरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सिद्धोधननं दुसरा भाग गिळला आणि म्हणाला, "आणि ही घटना घडवणाऱ्या आपणा सर्वांना माझा नमस्कार."

टाळ्या पडल्या. गिळलेल्या वाक्याला पडतात तशा.

सिद्धोधनचं काम सांगायला सोपं आणि ऐकायला वाईट होतं. डॉक्टरांच्या हातून चूक झाली तर नुकसानभरपाई देणारा एक विमा असतो. तसा विमा देणाऱ्या एका कंपनीत तो दाव्यांच्या फायली वाचत असे. बाळंतपणात आई गेली, मूल गेलं, किंवा मूल जगलं पण कधी उभं राहिलं नाही, की घरचे ग्राहक आयोगात जातात, आणि फिरत फिरत तो कागदांचा गठ्ठा पुण्याला सिद्धोधनच्या टेबलावर येतो. बाकीचे लोक त्या गठ्ठ्यात 'किती द्यावे लागतील' एवढंच शोधायचे. सिद्धोधनला खोड अशी, की तो 'नेमकं कुठं फसलं' हे शोधायचा. कंपनीनं या खोडीला आधी समज दिली, मग पद दिलं. मराठवाड्यातल्या प्रसूतिगृहांचे सगळे दावे एकत्र करून त्यांची चाळण करायची आणि जे चाळणीत उरेल ते डॉक्टरांना जाऊन सांगायचं, असं ते पद होतं.

चाळणीत जे उरलं, त्यानं तो स्वतःच चक्रावला होता. डॉक्टरांना ज्याची धास्ती असते ते दुर्मिळ आजार, ते अचानकचे रक्तस्राव, यांच्या फायली अगदी थोड्या. बहुतेक फायलींची गोष्ट एकच. बाळाचे ठोके बिघडले. सिस्टरला ते दिसलं. सिस्टरनं डॉक्टरला फोन केला. डॉक्टरनं फोन उचलला. आणि तरी डॉक्टर उशिरा आले. सिस्टरचा जबाब, मी वेळेत कळवलं होतं. डॉक्टरचा जबाब, घाईचं आहे असं मला कोणी सांगितलं नाही. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. फोनवर काय बोलणं झालं ते उलटतपासणीत निघायचं, आणि ते फाईलमागून फाईल एकाच घरातलं वाटावं असं असायचं: "मॅडम, जेवण झालं का? जरा बघून जाता का? तसं काही न्हाई. फुरसतीनं या."

निजामाचं राज्य गेलं त्याला जमाना झाला, पण जाताना तो ही फुरसत इथंच विसरून गेला. आपल्याकडं घराला आग लागली तरी बंबवाल्याला आधी पाणी विचारतात.

"तेव्हा," सिद्धोधन हॉलला म्हणाला, "फोनवर चारच गोष्टी. पेशंट कोण. काय दिसतंय. कशाची भीती वाटते. काय पाहिजे. आणि जे पाहिजे ते 'आत्ता या' या दोन शब्दांत. जेवण, तब्येत, सोय, फुरसत, काही नाही. आणि ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं."

परत म्हणून दाखवायची कल्पना त्याची नव्हती, ती पूर्णा जंक्शनची होती. त्याचे वडील किशनराव रेल्वेत होते, आणि तिथं निरोप परत म्हटल्याशिवाय निरोप मानत नाहीत. निवृत्तीनंतर ही शिस्त त्यांनी घरात आणली. "डाळीत मीठ कमी," असं त्यांनी म्हटलं की आईला, गीताबाईंना, आधी "मीठ कमी" म्हणावं लागे आणि मगच मिठाचा डबा उघडता येई.

डॉ. अनंतराव उठले. शहरातले सर्वांत ज्येष्ठ डॉक्टर. "म्हणजे माझ्या सिस्टरनं मला म्हणायचं, आत्ता या?"

"हो सर."

"मला?"

"हो सर."

"आणि ते मी परत म्हणायचं."

"हो सर."

अनंतराव सभेकडं वळले. "आमच्या घरी हीच पद्धत आहे. फक्त तिथं सिस्टर नसते."

हॉल हसला आणि हसत हसतच जेवायला गेला. सिद्धोधननं आपला लॅपटॉप मिटला. तेवढ्यात अनंतरावांची सून, डॉ. उत्तरा, हातात ताट घेऊन त्याच्याकडं आली. आता दवाखाना तीच चालवायची.

"तुमच्या बहिणीचं नाव आमच्याकडंच आहे ना? मनिषा. पहिलटकरीण."

"हो मॅडम. आठवड्याभरात होईल म्हणालात."

"मग त्या चार ओळींची पाटी करून आणा. मोठ्या अक्षरात. आमच्या सिस्टरच्या टेबलासमोर लावू." ताटातल्या वांग्याकडं पाहून ती म्हणाली, "सासरे हसले म्हणजे त्यांना पटलंय. न पटलेल्या गोष्टीला ते मान डोलावतात."

*

पाटी मोठी झाली. सिद्धोधननं ती जाड प्लास्टिकवर छापून घेतली आणि ती कोणी काढू नये म्हणून चार स्क्रूही आणले. दवाखान्यात एकच मोठा हॉल होता. एका टोकाला सिस्टरचं टेबल आणि फोन, भिंतीला लागून पेशंटच्या खाटा, आणि पलीकडं प्रसूतीची खोली आणि ऑपरेशनची खोली. टेबलावर धुरपता सिस्टर बसायच्या. परभणीतल्या निम्म्या तरण्या पोरांना पहिला धपाटा त्यांनीच घातलेला होता, त्यामुळं गावात त्यांना कोणी उलटून बोलत नसे.

भोकं पाडताना भिंतीचा भुगा उडून सिद्धोधनच्या डोळ्यात जायला लागला, म्हणून त्यानं पंखा बंद केला. मग पाटी टेकवली, स्क्रू आवळले, मागं होऊन पाहिली. कोण. काय दिसतंय. भीती कशाची. काय पाहिजे. आत्ता.

"म्हणून दाखवा बरं, सिस्टर."

"मॅडम," धुरपता सिस्टर म्हणाल्या आणि थांबल्या.

"पुढं?"

"पुढं मला लाज वाटायलीय, साहेब. मॅडमला आत्ता या म्हणायचं म्हणजे पोरीला हाक मारल्यावानी."

"सवय होईल. पाटी कशी झाली?"

धुरपता सिस्टरांनी पाटीकडं पाहिलं. मग छताकडं पाहिलं. मग पुन्हा पाटीकडं.

"लय छान दिसायलीय, साहेब," त्या म्हणाल्या.

*

मनिषाला दोन दिवसांनी सकाळी कळा सुरू झाल्या. पूर्ण्याहून तिला गाडी करून आणलं. मे महिना होता आणि परभणीचं ऊन कोणाच्या ओळखीनं कमी होत नाही. नवरा बालाजी पोखर्णीला कामावर होता, त्याला निरोप गेला. गीताबाई पदरानं वारा घेत हॉलमध्ये बसल्या. हॉलमधला पंखा बंद होता. का बंद होता हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

डॉ. उत्तरानं तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाली, अजून बराच वेळ लागेल म्हणाली. दुपारी तिच्या भाचीचा साखरपुडा कृषी विद्यापीठाच्या बाजूला एका मंगल कार्यालयात होता. "तासाभरात येते. काही वाटलं तर फोन करा," असं धुरपता सिस्टरांना सांगून तिनं पाटीकडं बोट दाखवलं आणि काठापदराची साडी सावरत स्कूटीवरून गेली.

आतल्या खोलीत मनिषाच्या पोटाला पट्टा लावलेला होता आणि मशीनमधून बाळाचे ठोके ऐकू येत होते. टांग्याचा घोडा दुडक्या चालीनं निघावा तसा आवाज. सिद्धोधन दारात उभा राहून ऐकत राहिला. या आवाजाबद्दल त्यानं पोत्यानं कागद वाचले होते. तो किती व्हावा, किती खाली यावा, किती वेळात पुन्हा चढावा, सगळं त्याला पाठ होतं. पण फायलीला आवाज नसतो. हा आज तो पहिल्यांदा ऐकत होता, आणि तो त्याच्या बहिणीच्या पोटातून येत होता.

"दादा," मनिषा आतून म्हणाली, "तुझ्या फायलींत मी कितवी?"

"तू फायलीत नाहीस."

"मग भाईर बस. तुझं तोंड बघून मला कळा कमी आन् भ्या जास्त वाटायलंय."

तो बाहेर येऊन बसला. थोड्या वेळानं कळ आली आणि घोडा मंदावला. कळेत मंदावतो, हे त्याला ठाऊक होतं. कळ गेली की पुन्हा धावतो. कळ गेली. घोडा धावला, पण जरा रेंगाळून. पुढच्या कळेला तो आणखी मंदावला, आणि कळ गेल्यावरही तसाच चालत राहिला. लंगडत.

सिद्धोधन उठून दारात गेला. धुरपता सिस्टरांचे हात भराभर चालत होते. त्यांनी मनिषाला डाव्या कुशीवर वळवलं, कळांचं सलाइन बंद केलं, नाकाला ऑक्सिजन लावला, ठोक्यांचा कागद हातावर घेऊन पाहिला. एक हालचाल वाया नाही. मग त्या झपाझप टेबलापाशी आल्या, फोन उचलला, नंबर फिरवला. पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर होती.

"मॅडम, जेवण झालं का?" धुरपता सिस्टर म्हणाल्या.

सिद्धोधन दारातून टेबलाकडं वळला.

"न्हाई, तसं काही न्हाई. मनिषाताईचे ठोके जरा खाली यायलेत. वर बी जायलेत. ...न्हाई न्हाई, जेवून घ्या. फुरसतीनं या."

फोन ठेवून त्या पळतच आत गेल्या. हात घाई करत होते आणि तोंड फुरसतीनं या म्हणत होतं. मराठवाड्यातली अख्खी दाव्यांची चाळण त्याच्यासमोर एका मिनिटात घडून गेली होती, आणि आत मशीन लंगडत होतं.

त्यानं आपला मोबाइल काढला. आता बोलायचं ते त्यानंच लिहिलेलं होतं, त्यानंच छापलेलं होतं, त्यानंच चार स्क्रूंनी भिंतीला ठोकलेलं होतं. वाचून दाखवायचं, एवढंच काम. पलीकडं सनईचा आवाज आला आणि त्यातून डॉ. उत्तराचा. "हॅलो, कोण?"

"नमस्कार मॅडम, मी सिद्धोधन."

"हां, बोला."

या एका 'बोला'त काय होतं देव जाणे. त्यात बहिणीचा जीव ज्या हातात आहे तो हात रागावू नये, ही भीती होती. त्यात पूर्ण्याचं रेल्वे क्वार्टर होतं, जिथं बाबांनी साहेबांपुढं आणि आईनं डॉक्टरांपुढं आवाज खाली ठेवून घर वर आणलं होतं. त्याच्या मागं गीताबाई पदर तोंडाला लावून हळूच म्हणत होत्या, "नीट बोल बापा, मॅडमला राग यायला नको." पाटीवरच्या चार ओळी त्याला स्वच्छ दिसत होत्या. आणि त्याच्या तोंडून बाहेर पडलं:

"कार्यक्रमात डिस्टर्ब केलं, माफ करा मॅडम. ते सिस्टरनी सांगितलंच आहे. तुमच्या सोयीनं... फुरसतीनं या."

फोन कट झाला.

तो हातातल्या मोबाइलकडं बघत राहिला. ज्या शब्दावर त्यानं भर सभेत डॉक्टरांना तासभर उपाशी बसवून झापलं होतं, तो शब्द त्याच्याच जिभेवरून, मीठ लावून, अगदी नीट गेला होता.

त्यानं पुन्हा फोन लावला. लागेना, बिझी. कारण त्याच वेळी धुरपता सिस्टर परत येऊन टेबलावरच्या फोनवरून तोच नंबर फिरवत होत्या, आणि त्यांनाही बिझी येत होता. दोघं एकमेकांच्या वाटेत उभे राहून डॉक्टरला बोलवत होते. हे लक्षात आल्यावर दोघांनीही, अदबीनं, एकमेकांसाठी फोन खाली ठेवला. मग दोघांनीही एकदमच पुन्हा उचलला.

"तुमी करा साहेब."

"नाही, तुम्ही करा."

आतून मनिषाचा आवाज आला. "दादा, हे यंत्र बंद पडायलं का?"

धुरपता सिस्टर आत धावल्या. सिद्धोधननं नंबर लावला. रिंग वाजत राहिली. वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा वाजून थांबली. डॉक्टर फोन उचलत नव्हती. बरोबरच होतं. दोघा जाणत्या माणसांनी तिला जेवून घ्या म्हणून सांगितलं होतं. ती आता पंगतीत बसली असणार, फोन पर्समध्ये असणार, पर्स कोणा मावशीच्या मांडीवर असणार.

"काय झालं रे?" गीताबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

आणि हे म्हटल्याबरोबर त्याला घाम फुटला, आधीच फुटला होता त्याच्यावर आणखी. कारण चाळणीत हेही उरलेलं होतं. ज्या घरांनी दावे लावले, त्यांतल्या कितीतरी जणांनी लिहिलं होतं की आम्हाला शेवटपर्यंत 'काही नाही' म्हणत राहिले. मूल गेलं याच्याइतकाच लोकांना त्या 'काही नाही'चा राग होता. भाषणात त्यानं हे सांगितलं होतं. त्या वेळी हॉलमध्ये वांग्यांचा वास फार येत होता, म्हणून घाईत सांगितलं होतं.

तो आईपुढं खाली बसला, तिचे दोन्ही हात धरले, आणि पाटी वाचावी तसं म्हणाला, "आई. मनिषा. बाळाचे ठोके पडतायत, कळ गेल्यावर वर येत नाहीत. बाळ गुदमरतंय अशी भीती आहे. मॅडम आत्ता पाहिजेत. ऑपरेशन लागेल."

गीताबाईंचा चेहरा पांढरा पडला. पण नवरा निवृत्त झाल्यापासून त्यांनी निरोप परत म्हणूनच डबा उघडला होता. "ठोके पडायलेत," त्या म्हणाल्या. "वर येइनात. ऑपरेशन लागंल." आणि उठून उभ्या राहिल्या. "मग तू हितं माझे हात धरून कामून बसलास? पळ की. गाडीवर जाऊन आन त्यांना."

तो दाराकडं पळाला, आणि दारात स्कूटी येऊन आदळायचीच राहिली.

डॉ. उत्तरानं स्कूटी स्टँडवर लावली नाही, भिंतीला टेकवली. काठापदराची साडी, कानात झुमके, कपाळाला साखरपुड्याचं कुंकू. "कागद दाखवा," ती चालता चालता म्हणाली. धुरपता सिस्टरांनी ठोक्यांची पट्टी पुढं केली. तिनं ती एकदाच पाहिली. "ऑपरेशनला घ्या. नागेश पोचतोय."

डॉ. नागेश हे भूल देणारे डॉक्टर. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांना मिळून ते एकटेच असल्यासारखे सदैव मोटारसायकलवर असायचे. त्यांची मोटारसायकल खरोखरच फाटकात शिरत होती.

धुरपता सिस्टरांनी संमतीचा कागद आणला. मनिषाची खाट आतल्या खोलीतून निघून हॉलमधून चालली होती. कागद सिद्धोधनच्या हाताला लागला, आणि हाताला सवय होती. तो वाचायला लागला. पहिला परिच्छेद. दुसरा परिच्छेद. "यात पर्यायांची माहिती दिल्याचा उल्लेख..."

"दादा," मनिषा खाटेवरून म्हणाली, "तू वाचत बस. पेन इकडं दे."

डॉ. उत्तरानं खाटेबरोबर चालता चालता तिला सरळ सांगितलं, बाळाला त्रास होतोय, पोटातून काढावं लागेल, धोका काय आहे, न काढलं तर काय आहे. मनिषानं ऐकलं, सही केली, पेन भावाच्या शर्टावर टाकलं. दार बंद झालं.

आता मशीनचा आवाज नव्हता. लंगडा का होईना, घोडा चालत होता तोवर चालत होता. आता हॉलमध्ये नुसतं ऊन होतं आणि गीताबाईंच्या पदराची फडफड. सिद्धोधननं आकडे आठवून पाहिले. अशा वेळेला किती बाळं वाचतात, किती वाचत नाहीत. आकडे सगळे होते. त्यांतला एकही या बंद दाराच्या कामाचा नव्हता. ते सगळे मागं वळून पाहणारे होते, आणि दार पुढं होतं.

"तू काय बोललास रे फोनवर?" गीताबाईंनी विचारलं.

"फुरसतीनं या म्हणालो."

गीताबाईंनी पदरानं वारा घेतला. मग म्हणाल्या, "चांगल्या घरचं लेकरू असंच बोलतं." आणि ते कौतुक होतं की काय होतं, हे त्याला त्यांच्या तोंडाकडं बघून कळेना.

आतून भांड्याचा आवाज आला. मग डॉ. उत्तराचा, "घ्या." मग काहीच नाही. या 'काहीच नाही'ची फायलींमध्ये नोंद असायची. 'बाळ जन्मतः रडले नाही' एवढी एक ओळ. ती ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्यापेक्षा ती ऐकायला फार जास्त लागतो. गीताबाईंचा पदर थांबला. आत कोणीतरी भराभर पुसत होतं, चोळत होतं, धुरपता सिस्टर हलक्या आवाजात कोणाला तरी रागावत होत्या. "अगं बोल. बोल की बाई. बोल म्हणते न मी."

आणि ती बोलली. रडणं कसलं, तक्रारच होती ती, सविस्तर, मुद्देसूद, दम खाऊन पुन्हा पहिल्यापासून. आयुष्यातला पहिला दावा तिनं तिथल्या तिथं दाखल केला.

सिद्धोधन भिंतीला टेकून खाली बसला.

*

"मुलगी. नाळेचा वेढा होता गळ्याला," डॉ. उत्तरा बाहेर येऊन म्हणाली. साडीवरचा हिरवा गाऊन तिनं काढला. कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलं होतं. "रडायला वेळ घेतला, आता छान आहे. मनिषाही छान आहे. आणखी उशीर झाला असता तर हे असं सांगायला मी बाहेर आले नसते."

गीताबाईंनी हात जोडले. सिद्धोधन उठला. "मॅडम, मी फोनवर जे बोललो ते..."

"तुम्ही बोललात म्हणून तर आले."

"मी फुरसतीनं या म्हणालो."

"हो ना. सिस्टरनी फुरसतीनं या म्हटलं, तेव्हा मी ताट हातात घेतलं. त्या नेहमीच तसं म्हणतात. तुम्ही म्हणालात, तेव्हा ताट खाली ठेवलं." तिनं कुंकू पुसायचा प्रयत्न केला, ते आणखी पसरलं. "ज्या माणसानं हा शब्द तोंडातून काढू नका म्हणून आमची वांगी गार केली, त्याच्याच तोंडून तो निघतो, म्हणजे माणूस किती घाबरलाय. फोन कट केला आणि निघाले. गाडीवर होते, म्हणून तुमचे पुढचे फोन घेतले नाहीत."

"म्हणजे पाटीचा काही उपयोग..."

"झाला की. गाडी काढता काढता नागेशला फोन लावला. कोण, काय दिसतंय, भीती कशाची, आत्ता या. त्यानं परत म्हणून दाखवलं आणि हातातला घास टाकून निघाला. एरवी मी त्याला आधी मुलांच्या परीक्षेचं विचारते." ती टेबलाकडं वळली. "सिस्टर, माझी चूक आहे. पाटी लावली आणि तुम्हाला एकदाही माझ्यापुढं म्हणायला लावली नाही. दर वेळी विमावाला घाबरून चुकीचं बोलेल, या भरवशावर दवाखाना चालत नाही. म्हणा."

"आत्ता?"

"आत्ता."

धुरपता सिस्टरांनी पदर खोचला, जमिनीकडं पाहिलं आणि लग्नात नाव घ्यावं तसं एका दमात म्हटलं, "मॅडम-मनिषाताई-ठोके पडायलेत-बाळ गुदमरंल-आत्ता या."

"आत्ता येते," डॉ. उत्तरा म्हणाली. "रागावले का मी?"

"न्हाई."

"मग."

संध्याकाळी मनिषाला हॉलमधल्या खाटेवर आणलं. बालाजी पोखर्णीहून येऊन पोचला होता आणि मुलीकडं बघून नुसता घाम पुसत होता. घाम सगळेच पुसत होते. सिद्धोधन खिडकीशी उभा होता. त्याच्या डोक्यात पुढच्या सभेचं भाषण जुळत होतं, आणि या वेळी तो काही गिळणार नव्हता. नांदेडला सांगायचं, लातूरला सांगायचं. सुरुवात तीच ठेवायची: माणसाचा जन्म ही या सृष्टीतली सगळ्यात मोठी घटना आहे. पुढं मात्र आता कितीतरी म्हणता येणार होतं, भीतीबद्दल, अदबीबद्दल, आणि खरं बोलायचं धाडस माणसाला कुठून येतं याबद्दल.

त्याचा मोबाइल वाजला. दवाखान्याचाच नंबर होता. त्यानं वळून पाहिलं. चार खाटा पलीकडं, टेबलापाशी, धुरपता सिस्टर फोन कानाला लावून, ताठ बसून, त्याच्याकडंच बघत होत्या.

"हॅलो?"

"साहेब," धुरपता सिस्टर फोनमध्ये म्हणाल्या, "मनिषाताई आन् लेकरू. दोघींला घामाच्या धारा लागल्यात. लेकराला घामोळं उठंल अशी भीती हाय. पंख्याचं बटण तुमच्या पाटीखाली दबलंय, त्या दिवसापसून. पाटी काढा. आत्ता." त्यांनी दम घेतला. "आन् आता परत म्हणून दाखवा."